अजिंठ्याच्या भिंती, जे.जे.च्या नकला आणि आपण



सहा डिसेंबरला मुंबई गाठणाऱ्या आपल्या लोकांपैकी बरेच जण सीएसएमटीला उतरतात. जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आल्यापासून आमच्या भागातली पोरेही थेट तिथेच उतरतात. स्टेशनाबाहेर आले की वडापाव, चहा आणि दादरची लोकल. याच स्टेशनासमोर, क्रॉफर्ड मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्याला, झाडांच्या आड एक जुने दगडी आवार आहे. सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. त्या आवारासमोरून आम्ही स्वतः किमान दहा वेळा गेलो असू. आत जाण्याचा विचार एकदाही मनात आला नाही. का आला नाही, हा या लेखाचा विषय आहे.

जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या आवारातल्या जुन्या डीनच्या बंगल्यात कलासंग्रहालय करावे, संस्थेकडे जमलेला दीडशे वर्षांचा ठेवा तिथे मांडावा, अशी चर्चाही गेली काही वर्षे अधूनमधून होत असते. विद्यापीठाचे कलादालन, तेही वारसा इमारतीत. ऐकायला छान आहे. आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने मात्र लगेच विचारले, "आपला काय संबंध? शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, वसतिगृहात जागा नाही, आणि तुम्ही चित्रे काय बघताय?"

प्रश्न रास्त आहे. पण संबंध आहे, आणि तो जुना आहे. तो समजून घ्यायचा तर आधी आपल्याच बाजूला यावे लागेल.

हिंगोलीहून पन्नासेक किलोमीटरवर वाशीम आहे. आपली पोरे तिथे सोयरिकीला जातात, बाजाराला जातात. या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. पाचव्या शतकात या शाखेचा राजा हरिषेण होता, आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे भिक्खू संघाला दान दिले. त्याचा शिलालेख आजही त्या लेण्यावर आहे. म्हणजे ज्या अजिंठ्याला आपण औरंगाबादच्या सहलीतले एक ठिकाण समजतो, त्याचा दुसरा मोठा कालखंड आपल्या शेजारच्या गावातून चालत होता. याच घराण्यातल्या विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमला सापडला. त्यात ब्राह्मणांना गाव दान दिल्याचा मजकूर आहे, आणि ते गाव नांदीकटाच्या उत्तर भागात होते, असे त्यात म्हटले आहे. नांदीकट म्हणजे नांदेड, असे वा. वि. मिराशी यांनी दाखवले. नांदेडच्या उत्तरेचा पट्टा म्हणजे आमचाच, नाहीतर आमच्या शेजारचा मुलूख. एकाच घराण्याच्या सत्तेत गाव ब्राह्मणांकडे गेले आणि लेणे संघाकडे आले. इतिहास असा गुंतलेला असतो. सरळ रेषेत सांगणाऱ्यांपासून जरा सावध राहावे, मग तो सांगणारा आपल्यातला का असेना.

आता त्या भिंतीकडे पाहा. अजिंठ्याची चित्रे थेट दगडावर काढलेली नाहीत. दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावर मातीचा गिलावा चढवला, त्यात दगडाची बारीक कच, भुसा आणि झाडपाल्याचे तंतू कालवले, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रंग भरले. लाल आणि पिवळी गेरू, काजळी, हिरवी माती, आणि निळ्यासाठी दूरदेशीचा लाजवर्द. यातला लाजवर्द सोडला तर बाकी सगळे आपल्या आज्यांच्या हाताखालचे आहे. माती मळणे, त्यात भुसा कालवणे, भिंत लिंपणे, पांढऱ्या मातीने पोतारणे. ही कामे ज्या हातांनी हजारो वर्षे केली, त्यांना कुणी चित्रकार म्हटले नाही. अजिंठ्याच्या शिलालेखांत दान देणारा मंत्री आहे, भिक्खू बुद्धभद्र आहे. पण लेणी क्रमांक १७ मध्ये यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर भिक्षापात्र घेऊन उभे असलेले तथागत ज्या हाताने रंगवले, त्या हाताचे नाव कुठेच नाही. ते कोणत्या कुळाचे होते, हे सांगता येणार नाही आणि उगाच आपल्या जातीचे ठरवण्यातही अर्थ नाही. एवढे मात्र खरे की तो हात मातीत काम करणारा होता.

मग हा ठेवा झाडाझुडपांत गेला. १८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. शालेय पुस्तकांत याला 'शोध' म्हणतात. आसपासच्या गुराख्यांना ती जागा ठाऊक होतीच, पण ज्याला ठाऊक असते त्याचा शोध मानला जात नाही. स्मिथने काय केले, तर लेणी क्रमांक १० च्या खांबावर, जुन्या चित्रावरच, स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. लेण्यांवर बदामाचे चित्र काढून 'अमुक लव्ह तमुक' लिहिणाऱ्या पोरांना आपण शिव्या घालतो. त्यांचा मूळपुरुष हा.

१८४४ पासून रॉबर्ट गिल नावाच्या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याने अजिंठ्याला राहून चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या डिसेंबरमधल्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. वीसेक वर्षांचे काम एका रात्रीत गेले. त्यानंतर जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे नाव या गोष्टीत येते.

जे.जे.ची सुरुवात जरा नीट सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. १८५३ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले. हेतू असा की इथल्या कारागिरांना चित्र, नक्षी, शिल्प यांचे रीतसर शिक्षण मिळावे आणि त्यांचे धंदे सुधारावेत. १८५७ च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग भरू लागले. आजची इमारत १८७८ ची. म्हणजे कागदावर ही शाळा कारागिरांची होती. सुतार, लोहार, कुंभार, पाथरवट यांची.

आता त्याच काळातली दुसरी नोंद शेजारी ठेवा. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले, आणि सरकारने कबूल केले की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एका मुलासाठी युगानुयुगांचे पूर्वग्रह मोडायला गेलो तर शाळाच ओस पडेल. सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मांडणी करताना बाबासाहेबांनी हे प्रकरण पुराव्यानिशी पुढे ठेवले. धारवाडचा तो नकार आणि मुंबईचा चित्रकलेचा वर्ग, यांच्यात एक वर्षसुद्धा नाही. सरकार एकच, इलाखाही एकच. इकडे पुण्यात जोतीराव आणि सावित्रीमाई त्याच दशकात अस्पृश्य मुलांसाठी स्वतःच्या हिमतीवर शाळा चालवत होते.

तेव्हा 'इथल्या लोकांसाठी कलाशाळा' असे कुणी म्हणाले की आम्ही विचारतो, इथले लोक म्हणजे कोण? ज्या पोराला पाटीला हात लावू दिला नाही, त्याच्या हातात कुंचला कोण देणार होते? आणि ज्या कारागिरांसाठी शाळा काढली, त्यांचे काय? दिवसाची मजुरी बुडवून सुताराचा पोरगा किती महिने ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती रेखाटत बसेल? हळूहळू त्या शाळेत दोन वाटा पडल्या. एकीकडे 'ललित कला', दुसरीकडे 'कारागिरी'. १८९१ मध्ये धातुकाम, मातीकाम, लाकूडकाम यांसाठी वेगळ्या रे आर्ट वर्कशॉप्स निघाल्या. कामाची वाटणी झाली असे वरवर दिसते. पण जातिव्यवस्था ही कामाची नव्हे तर कामकऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगून ठेवले आहे. एकाच आवारात एकाला 'आर्टिस्ट' आणि दुसऱ्याला 'मिस्त्री' का म्हणतात, हे त्याशिवाय कळत नाही.

तर अजिंठा. जे.जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांच्या तुकड्या अजिंठ्याला नेल्या. बरीच वर्षे थंडीच्या मोसमात मुक्काम. अंधाऱ्या लेण्यात, वटवाघळांच्या घाणीत, मशालीच्या किंवा परावर्तित उजेडात, भिंतीसमोर उभे राहून या पोरांनी जवळपास तीनशे चित्रे नकलली. भले मोठे कॅनव्हास. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी काही नावे आज संग्रहालयांच्या नोंदींत सापडतात. पण १८९६-९७ मध्ये जे दोन खंड निघाले, त्यांच्या मुखपृष्ठावर नाव एकच, ग्रिफिथ्स. नकलाही लंडनला गेल्या. तिथे साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ मध्ये आग लागली आणि त्यातला मोठा भाग जळाला. उरलेल्या आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. कित्येक दशके त्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

थोडे थांबून या गोष्टीचा विचार करा. बुद्धाच्या चित्रांच्या नकला दोनदा विलायतेला गेल्या आणि दोनदा जळाल्या. मूळ भिंती मात्र इथेच होत्या. पण त्यांनाही त्रास झालाच. नक्कल करताना चित्र उठून दिसावे म्हणून मूळ भिंतीवर व्हार्निश चढवले गेले. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले, धूळ धरून बसले आणि चित्रे काळवंडली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, आपली हिंगोलीही त्याच राज्यात. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले, गुलाम यझदानी त्याचे संचालक झाले. पुढे इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची सफाई आणि डागडुजी करवली. निजामाच्या राजवटीबद्दल मराठवाड्यात बोलताना रझाकारांपलीकडे काहीच आठवत नाही अशी सवय आपल्याला लावली गेली आहे. रझाकारांचे अत्याचार खरेच आहेत. पण बुद्ध लेण्यांसाठी त्या सरकारने खर्च केला, हेही खरे आहे. दोन्ही सांगायला हवे.

त्याच सुमारास, १९०९ ते ११ मध्ये, लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज बाई नकला करायला अजिंठ्याला आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचे तरुण चित्रकार होते, हैदराबादचे सय्यद अहमद होते. कलकत्त्याच्या त्या पोरांत एक नंदलाल बोस. यांना आपण वेगळ्या कारणाने ओळखायला हवे. चाळीस वर्षांनी भारताच्या संविधानाची हस्तलिखित प्रत सजवायचे काम शांतिनिकेतनच्या याच नंदलाल बोसांकडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडे आले. त्या प्रतीच्या एका पानावर तथागत आहेत. ज्या हाताने अजिंठ्याची भिंत समोर ठेवून रेषा शिकली, त्याच हाताच्या देखरेखीखाली बाबासाहेबांनी मसुदा केलेल्या संविधानाची पाने रंगली. आपण २६ नोव्हेंबरला उद्देशिका वाचतो, फलक वाटतो. हे मात्र आम्हाला एमए होईपर्यंत कुणी सांगितले नव्हते. सांगणार कोण? कलेचा इतिहास हा आपला विषय नाही, असे आपण स्वतःच ठरवून टाकले आहे.

खरे तर 'ठरवले' म्हणणे अर्धेच बरोबर आहे. दाराबाहेर ठेवल्यानेही ते ठरते. १९३४ मध्ये बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. रमजानचे दिवस होते. किल्ल्याच्या वेशीबाहेर लहानसे टाके होते, त्यात काहींनी प्रवासाची धूळ धुतली. एक वृद्ध ओरडत आला की धेडांनी टाके बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर आले. अखेर किल्ल्यात सोडले ते एका अटीवर, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यासाठी बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. कोलंबिया आणि लंडनचा विद्वान ऐतिहासिक वास्तू पाहतोय आणि मागे बंदूक घेऊन शिपाई चालतोय. 'वारसा इमारत' हा शब्द ऐकला की आमच्या डोळ्यांसमोर आधी हे चित्र येते.

आता शिपाई बंदूक घेऊन येत नाही. मागे आम्ही चार-पाच पोरांना घेऊन मुंबईतल्या एका कलादालनात गेलो होतो. प्रवेश विनामूल्य होता. दारावरच्या माणसाने पायातल्या चपला पाहिल्या, खांद्यावरच्या पिशव्या पाहिल्या आणि विचारले, "कोणाकडे काम आहे?" चित्रे बघायला आलोय, म्हटल्यावर त्याने आत फोन लावला. दोन मिनिटांत आत सोडले, अपमान असा काही केला नाही. पण पोरे पूर्ण वेळ भिंतीपासून चार हात लांब, हात मागे बांधून उभी होती. एकाने बाहेर आल्यावर विचारले, "सर, हे आपल्यासाठी असतं का?" त्या पोराने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत 'अ' श्रेणी मिळवलेली आहे.

या परीक्षांचेही सांगायला हवे. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, कुठल्याही तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, सातवी-आठवीतली पोरे रंगपेटी घेऊन एलिमेंटरीची तयारी करताना दिसतील. राज्याच्या कला संचालनालयाच्या या परीक्षा, आणि या संचालनालयाचे ठिकाण जे.जे.च्याच आवारात. म्हणजे गावातल्या पोराचा कागद तपासणारी व्यवस्था तिथे आहे, पण पोरगा तिथे पोहोचत नाही. पोहोचला तर एटीडी करून चित्रकला शिक्षक होतो, आणि तीही भरती वर्षानुवर्षे रखडलेली. नाहीतर पेंटर.

पेंटर! आपल्या चळवळीचा खरा कलावंत हाच. सत्तर आणि ऐंशीच्या दशकात भीमनगरांच्या भिंतींवर ज्याने निळ्या रंगात घोषणा लिहिल्या, मोर्चाचे फलक रंगवले, विहाराच्या मागच्या भिंतीवर पिंपळाखालचे तथागत आणि शेजारी कोटातले बाबासाहेब काढले. नामांतराच्या काळात याच भिंती आपली वर्तमानपत्रे होती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाडा पेटला. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. वस्त्या जळाल्या तशा त्या भिंतीही जळाल्या. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ काढून नांदेड, परभणी, लातूर हे जिल्हे तिकडे जोडले गेले. म्हणजे ज्यांनी घरे गमावली, त्यातल्या कित्येकांच्या नातवंडांच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव येत नाही. हा विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू. इथे सांगायचे एवढेच की विद्यापीठाच्या दारावर कोणाचे नाव असावे, यासाठी आपल्या माणसांनी रक्त दिले. मग विद्यापीठाच्या भिंतीवर काय टांगावे, यावर बोलण्याचा हक्क आपल्याला नाही असे कोण म्हणेल?

दरवर्षी १४ जानेवारीला आपण औरंगाबादला विद्यापीठ गेटला अभिवादन करायला जातो. त्या परिसरालाच लागून, डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महाल आहे. सतराव्या शतकात बुंदेलखंडाच्या पहाडसिंगाने बांधलेला. आत एके काळी सोन्याच्या रंगाची चित्रे होती म्हणून हे नाव. आज तिथे राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. मागच्या डोंगरात बुद्ध लेणी आहेत. लेण्यांवर आता आपली पोरे जातात, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. धम्मलिपी शिकतात, शिलालेख वाचतात, 'पांडव लेणी' म्हणणाऱ्यांना दुरुस्त करतात. या लेणी संवर्धनाच्या कामाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण एक तक्रारही आहे. आपण दगडावरची अक्षरे वाचायला शिकलो, रंग वाचायला शिकलो नाही. अजिंठ्यात उभे राहून 'हे बौद्धांचे आहे' एवढे सांगून आपण थांबतो. चित्रात कोणते जातक आहे, दासी कुठे उभी आहे, राजा कुठे, काळ्या वर्णाची माणसे किती आणि कोणत्या मानाने रंगवली आहेत, हे पाहत नाही. मग ते पाहून सांगणारा दुसराच कुणीतरी येतो, आणि बुद्धाला 'भारतीय सौंदर्यदृष्टी' नावाच्या गुळगुळीत शब्दात बुडवून टाकतो. धम्म गायब, सौंदर्य शिल्लक.

जे.जे.च्या कलादालनाचा प्रश्न इथे येतो. त्या डीनच्या बंगल्याची ओळख आज काय आहे? रुडयार्ड किपलिंगचे जन्मस्थान. १८६५ मध्ये त्याचे वडील लॉकवुड किपलिंग जे.जे.त शिकवायला आले, त्याच वर्षाअखेर इथे त्याचा जन्म झाला. बंगल्यासमोर त्याचा अर्धपुतळा आणि पाटी आहे. गंमत म्हणजे तो जन्मला ते घर हे नव्हेच, आजचा बंगला नंतरचा. गोऱ्या माणसाच्या खांद्यावर जगाला सुधारण्याचे ओझे आहे, असे मानणारा हा साम्राज्यवादी कवी. जन्मला दुसऱ्याच घरात, तरी बंगला त्याच्या नावाने ओळखला जातो. आणि ज्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या अंधारात उभे राहून आपला वारसा कॅनव्हासवर उतरवला, त्यांची नावे चार अभ्यासकांपलीकडे कुणाला माहीत नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे असे. हे दालन होणार असेल तर त्याची सुरुवात अजिंठ्यापासून व्हावी. नकला लंडनला आहेत, तर त्यांच्या छायाप्रती मागवा. कोणी काढल्या, किती काळ काढल्या, कशा जळाल्या, व्हार्निशने काय झाले, हे सगळे मराठीत लिहून लावा. ग्रिफिथ्सचे श्रेय काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही, त्यांच्या खंडांमुळे नष्ट झालेल्या कितीतरी चित्रांची आज निदान नोंद आहे. पण विद्यार्थ्यांची नावे त्यांच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत हवीत. कारागिरांच्या कार्यशाळांचे काम तळघरात नको, चित्रांच्या शेजारी हवे. आणि धारवाडच्या त्या मुलाचे प्रकरणही एका फलकावर हवे, म्हणजे १८५७ ला कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, ते येणाऱ्याला कळेल. सवी सावरकरांसारख्या चित्रकाराने अस्पृश्यतेचा अनुभव थेट कॅनव्हासवर आणला, तरी महाराष्ट्राच्या सरकारी भिंतींवर तो अनुभव किती दिसतो? यावरही बोला.

आणि विद्यापीठ झाले म्हणून शुल्क वाढले, आरक्षण पातळ झाले, असे घडू नये यावर आपल्या विद्यार्थी संघटनांनी आतापासूनच डोळा ठेवावा. 'अभिमत' शब्दाचा आपला अनुभव फारसा चांगला नाही. दालन कितीही सुंदर झाले आणि वर्गात आपले पोर नसले, तर आपण पुन्हा प्रेक्षकच.

त्याच डॉ. दादाभाई नौरोजी रस्त्यावर थोडे पुढे, फोर्टात, बुद्ध भवन आणि आनंद भवन आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, पुढे ते याच इमारतींत आले. बुद्ध भवनाचे आधीचे नाव अल्बर्ट बिल्डिंग. बाबासाहेबांनी जुनी इमारत घेतली, तिचे नाव बदलले आणि आत आपली पोरे बसवली. जुन्या वास्तूचे काय करायचे, याचा हा आपल्या घरातला धडा आहे. जे.जे. पाहायला जाल तेव्हा तिथूनच चालत बुद्ध भवनापर्यंत जा. वीस मिनिटेही लागत नाहीत.

आता आपल्या अंगणात. दुसऱ्याकडे बोट दाखवून झाले. आपल्या विहारांचे काय? जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या विहारांत पेंटरने हाताने काढलेली चित्रे होती. निधी आला, जुना विहार पाडला, आरसीसीचा नवा झाला, भिंतीला टाइल्स लागल्या आणि तथागतांच्या जागी फ्लेक्स आला. दोन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो. ज्याने मूळ चित्र काढले, तो पेंटर आज हातगाडी चालवतो किंवा पुण्याला वॉचमन आहे. त्याच्या कामाचा एक फोटोही आपल्याकडे नाही. ग्रिफिथ्सने निदान नक्कल करून ठेवली होती. आपण तेवढेही केले नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका विहारात १९८० च्या आसपासची अशी एक भिंत अजून उभी आहे. लेणी क्रमांक १७ मधले राहुल-यशोधरेचे चित्र कुठल्यातरी कॅलेंडरवरून पाहून काढलेले. यशोधरेला आपल्याकडचे लुगडे नेसवले आहे, राहुलच्या पायात काहीच नाही. खाली पेंटरची सही होती, ती कुणीतरी चुना लावताना पुसली. नवा विहार मंजूर झाला आहे आणि भिंत पाडायचे ठरले आहे. समितीतले ज्येष्ठ म्हणतात, जुने चित्र फुगलेय, पोपडे निघतात, त्याचे काय करायचे? येत्या पौर्णिमेला बैठक आहे. आम्ही भिंतीचे मोजून फोटो काढले आहेत, इंटरमिजिएटवाला पोरगा कागदावर नक्कल करतोय, आणि नव्या विहारात ती एक भिंत तशीच ठेवता येईल का, हे विचारायला एका सिव्हिल इंजिनिअर मित्राला घेऊन जातोय. पेंटरचा गावातला पत्ता मिळाला आहे. त्याला बैठकीला बोलावले आहे.